वीज नसताना स्विच काय करतो? सियालदह परिसरातून एका प्रश्नाचा इतिहास

पाठाचा उद्देश

इलेक्ट्रॉनिक्सच्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या वर्षात आपण ॲनालॉग स्विच शिकतो. नियंत्रण पिनवर 'एक' दिला की स्विच बंद होऊन सिग्नल पुढे जातो, 'शून्य' दिला की मार्ग तुटतो, एवढे लक्षात ठेवले की परीक्षेचे काम भागते. पण या व्याख्येत एक अट न सांगता गृहीत धरलेली असते, ती म्हणजे चिपला वीजपुरवठा मिळत आहे. तो मिळत नसेल तर स्विच चालू की बंद? बहुतेक विद्यार्थी चटकन 'बंद' असे उत्तर देतात. हे उत्तर काही स्विचांना लागू पडते, काहींना अजिबात नाही, आणि काहींच्या बाबतीत तर प्रश्नच नीट मांडावा लागतो.

या पाठात आपण या प्रश्नाचा इतिहास पाहणार आहोत. त्यासाठी कोलकात्यातील सियालदहचा परिसर सोयीचा आहे. सॉलिड-स्टेट स्विचच्या पूर्वजावर काम करणारे जगदीशचंद्र बोस याच भागात राहिले आणि शिकवत होते. आणि वीज गेल्यावर स्विचने कसे वागावे याचा सर्वांत कडक नियम ज्या क्षेत्राने घालून घेतला, त्या रेल्वे सिग्नलिंगचे एक मोठे केंद्रही इथेच आहे.

(टीप: या पाठात गोंधळ टाळण्यासाठी 'चालू' म्हणजे सिग्नलला मार्ग मिळणे आणि 'तुटलेला' म्हणजे मार्ग नसणे, असे शब्द वापरले आहेत.)

१. एका प्रश्नाचे तीन प्रश्न

कोणत्याही स्विचबद्दल 'वीज नसताना काय?' असे विचारताना प्रत्यक्षात तीन वेगळे प्रश्न असतात.

पहिला: पुरवठा नसताना स्विचची स्वाभाविक अवस्था कोणती, चालू की तुटलेला?

दुसरा: पुरवठा जाण्याआधीची अवस्था स्विच लक्षात ठेवतो का?

तिसरा: पुरवठा नसला तरी सिग्नलची स्वतःची ऊर्जा स्विचमध्ये शिरून त्याला काही करायला लावू शकते का?

हे तीन प्रश्न हाताशी ठेवून आपण काळाच्या क्रमाने एकेक स्विच तपासू.

२. सियालदह आणि सर्क्युलर रोड

मुंबई-नागपूरकडून कोलकात्याला जाणारे बहुतेक जण हुगळीच्या पश्चिम काठावरील हावड्याला उतरतात. सियालदह हे शहराचे दुसरे मोठे टर्मिनस आहे आणि ते नदीच्या पूर्वेला, शहरातच आहे. ईस्टर्न बेंगाल रेल्वेचा कलकत्ता ते कुष्टिया हा मार्ग १८६२ मध्ये सुरू झाला. कुष्टिया आज बांगलादेशात आहे. आज सियालदह हे देशातील सर्वांत गर्दीच्या स्थानकांपैकी एक आहे, आणि जुलै २०२२ पासून तिथे मेट्रोही पोहोचली आहे.

स्थानकाजवळून जुना सर्क्युलर रोड जातो. त्याच्या उत्तरेकडील भागाला, म्हणजे अप्पर सर्क्युलर रोडला, आता आचार्य प्रफुल्लचंद्र रोड म्हणतात. दक्षिणेकडील लोअर सर्क्युलर रोडला आचार्य जगदीशचंद्र बोस रोड असे नाव आहे. गंमत अशी, की बोस यांचे घर आणि त्यांनी ३० नोव्हेंबर १९१७ रोजी स्थापन केलेले बोस इन्स्टिट्यूट प्रफुल्लचंद्रांच्या नावाच्या रस्त्यावर आहे. त्याच रस्त्यावर कलकत्ता विद्यापीठाचे राजाबाजार येथील विज्ञान महाविद्यालय आहे. शिशिरकुमार मित्र यांनी १९४९ मध्ये उभी केलेली रेडिओ भौतिकी व इलेक्ट्रॉनिक्स संस्था तिथेच आहे. भारतात या विषयाचे पदव्युत्तर शिक्षण जिथे रुजले त्यांपैकी ही एक महत्त्वाची जागा. बोस यांचे विद्युत-तरंगांवरील मूळ प्रयोग मात्र त्याआधीचे, कॉलेज स्ट्रीटवरील प्रेसिडेन्सी कॉलेजातले. तिथे ते १८८५ पासून शिकवत होते.

३. कोहिरर: ठोका मारल्याशिवाय न विसरणारा स्विच

१८९० मध्ये पॅरिसमध्ये एदुआर ब्रॅन्ली यांनी काचेच्या नळीत भरलेल्या धातूच्या किसावर प्रयोग केले. नळीचा रोध सुरुवातीला खूप जास्त असे. जवळपास विद्युत ठिणगी पडली की तो एकदम घसरे. इटलीत तेमिस्तोक्ले काल्झेक्की-ओनेस्ती यांनी १८८४ च्या सुमारास असाच परिणाम पाहिला होता. ऑलिव्हर लॉज यांनी या नळीचा उपयोग विद्युत-तरंग ओळखण्यासाठी केला आणि तिला 'कोहिरर' हे नाव दिले.

आपल्या तीन प्रश्नांच्या दृष्टीने कोहिरर तपासू. त्याला नियंत्रणासाठी वेगळा पुरवठा लागत नाही, येणारा तरंगच त्याला चालू करतो. त्याची स्वाभाविक अवस्था तुटलेली. पण एकदा चालू झाला की तरंग थांबला तरी तो चालूच राहतो. बॅटरी काढून घेतली तरी किसाचे कण एकमेकांना चिकटलेलेच असतात. त्याला पूर्वस्थितीत आणायला नळीवर ठोका मारावा लागे, आणि त्यासाठी लॉज यांनी यांत्रिक ठोकणी वापरली. म्हणजे दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ठाम 'हो' असे येते: हा स्विच विजेशिवाय अवस्था जपतो. अलीकडे काही संशोधकांनी कोहिररची तुलना मेमरिस्टरशी केली आहे ती याच गुणामुळे.

तारायंत्रासाठी मात्र हा गुण म्हणजे अडचण होती. प्रत्येक बिंदू आणि रेघेनंतर ठोका हवा, मग संदेशाचा वेग ठोकणीच्या वेगापुरता मर्यादित. शिवाय नळी हलली, गाडीचा धक्का बसला तरी अवस्था बदलणार.

४. बोस यांचा प्रश्न: स्विच स्वतः सावरेल का?

बोस यांनी १८९४-९५ च्या सुमारास कलकत्त्यात जाहीर प्रयोगांत विद्युत-तरंग भिंतींपलीकडे पाठवून घंटा वाजवली आणि बंदुकीची दारू पेटवली. त्यांच्या प्रयोगांतील तरंगांची लांबी काही मिलिमीटर इतकी कमी होती. एवढ्या लहान तरंगांचे परावर्तन, अपवर्तन आणि ध्रुवीकरण मोजायचे तर ग्राहक भरवशाचा हवा. किसाची नळी प्रत्येक वेळी वेगळी वागे. म्हणून त्यांनी किसाऐवजी पोलादी स्प्रिंगांच्या ओळी एका चौकटीत बसवल्या. स्प्रिंगांवरचा दाब आणि त्यांतून जाणारा प्रवाह, दोन्ही बाहेरून जुळवता येत.

पुढे त्यांनी वेगवेगळ्या धातूंची पद्धतशीर तपासणी केली. 'स्वतः सावरणाऱ्या कोहिरर'वरील त्यांचा निबंध १८९९ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात आला. त्यातील एक रचना लोखंड-पारा-लोखंड अशी होती, आणि जोडीला टेलिफोनचा कर्णा. तरंग गेला की संपर्क आपोआप मोकळा होई, ठोकणीची गरज उरत नसे. डिसेंबर १९०१ मध्ये मार्कोनी यांनी अटलांटिक पलीकडून आलेला संकेत ऐकताना पाऱ्याचा कोहिरर वापरला. तो त्यांना इटालियन नौदलातील लुईजी सोलारी यांच्याकडून मिळाला होता. त्या रचनेचे मूळ बोस यांच्या १८९९ च्या निबंधात आहे, असे प्रबीर बंद्योपाध्याय यांनी १९९८ मध्ये 'प्रोसिडिंग्ज ऑफ द आयईईई'मधील लेखात सविस्तर मांडले.

बोस यांच्या तपासणीतली दुसरी गोष्ट आपल्याला अधिक उपयोगाची आहे. बहुतेक धातूंचा संपर्करोध तरंग आल्यावर कमी होतो. पोटॅशियमसारख्या काहींचा उलट वाढतो. बोस यांनी पहिल्यांना धन आणि दुसऱ्यांना ऋण वर्गात घातले. आजच्या भाषेत सांगायचे तर उत्तेजन नसताना काही संपर्क स्वभावतः तुटलेले असतात, तर काही स्वभावतः चालू. रिलेच्या यादीत आपण 'नॉर्मली ओपन' आणि 'नॉर्मली क्लोज्ड' असे दोन प्रकार वाचतो, त्याच्याशी हे विभाजन ताडून पाहा. स्विचची स्वाभाविक अवस्था ही पदार्थावर आणि रचनेवर ठरते, 'वीज नाही म्हणजे तुटलेला' असा निसर्गाचा नियम नाही.

बोस यांनी गॅलेना, म्हणजे शिशाच्या सल्फाइडच्या स्फटिकावरही काम केले. स्फटिकाला धातूचे टोक टेकवून केलेल्या ग्राहकासाठी त्यांनी ३० सप्टेंबर १९०१ रोजी अमेरिकेत अर्ज केला आणि २९ मार्च १९०४ रोजी त्यांना ७५५८४० क्रमांकाचे पेटंट मिळाले. अर्धवाहक साधनाचे हे पहिले पेटंट मानले जाते. त्यांच्या रचनेत बॅटरी होती. पण पुढच्या काही वर्षांत असेच स्फटिक वापरून बॅटरीशिवाय चालणारे क्रिस्टल रेडिओ घरोघरी आले. अँटेनावर येणाऱ्या सिग्नलचीच ऊर्जा स्फटिक एका दिशेने सोडतो आणि तीच कर्ण्यात आवाज करते. पुरवठा नसतानाही परिपथ काम करतो, कारण सिग्नल हाच पुरवठा बनतो. ही गोष्ट लक्षात ठेवा. पन्नास-साठ वर्षांनी हीच गोष्ट एका चिपच्या आत, नको असताना, पुन्हा भेटणार आहे.

५. रेल्वेचे उत्तर: पडणारा रिले

आता सियालदहच्या फलाटांकडे वळू. रेल्वे सिग्नलमध्ये स्विचची चुकीची स्वाभाविक अवस्था म्हणजे जीवितहानी. म्हणून इथे पहिल्या प्रश्नाला फार लवकर उत्तर द्यावे लागले, आणि ते अपयशातून आले.

अमेरिकेत विल्यम रॉबिन्सन यांनी आधी 'उघड्या' परिपथाची पद्धत करून पाहिली: गाडी आली की परिपथ पूर्ण होतो आणि सिग्नल धोका दाखवतो. हिच्यात एक जीवघेणी उणीव आहे. तार तुटली, बॅटरी संपली, तर गाडी असूनही सिग्नल 'मार्ग मोकळा' असेच सांगणार. हे ध्यानात आल्यावर रॉबिन्सन यांनी १८७२ मध्ये 'बंद' ट्रॅक सर्किटचे पेटंट घेतले. रुळांचा एक तुकडा विद्युतदृष्ट्या वेगळा करायचा, एका टोकाला बॅटरी, दुसऱ्या टोकाला रिले. मार्ग मोकळा असेल तर रिले उचललेला राहतो. गाडीची चाके आणि आस दोन्ही रूळ जोडतात, रिलेला प्रवाह मिळत नाही, तो पडतो आणि सिग्नल लाल होतो. बॅटरी संपली, तार तुटली, रूळ मोडला, तरीही बहुतेक वेळा रिले पडतो आणि सिग्नल लालच होतो.

'वीज नाही' या घटनेला इथे एक अर्थ दिला गेला: वीज नाही म्हणजे धोका गृहीत धरा. जगभरच्या सिग्नलिंगचा पाया हाच आहे आणि भारतीय रेल्वेही तोच नियम पाळते.

हा नियम पाळायला रिलेची घडणही तशी करावी लागते. तो पडायलाच हवा. त्यासाठी स्प्रिंगेवर किंवा आर्मेचरच्या वजनावर विसंबतात. गुरुत्वाकर्षणाचा पुरवठा कधी खंडित होत नाही! दुसरा धोका संपर्क वितळून चिकटण्याचा, म्हणजे कोहिररचा जुना आजार. त्यावर दोन उपाय आहेत. एकात धातूच्या संपर्कासमोर कार्बनचा संपर्क ठेवतात, कारण ते दोन एकमेकांना वितळून जोडले जात नाहीत. दुसऱ्यात दोन्ही संपर्क धातूचे असतात, पण रिले खरोखर पडला की नाही हे त्याच्याच मागच्या संपर्कावरून परिपथात दर वेळी सिद्ध करून घेतात. म्हणजे दुसऱ्या प्रश्नाला रेल्वेने 'हा स्विच काहीही लक्षात ठेवणार नाही' असे उत्तर दिले, आणि त्या उत्तरावर नुसता विश्वास न ठेवता त्याची तपासणी लावली.

६. शेजारची वीज

तिसरा प्रश्न रेल्वेला विद्युतीकरणाने विचारला. सियालदह विभागातील उपनगरी गाड्या २५ किलोव्होल्ट, ५० हर्ट्झच्या प्रत्यावर्ती विजेवर चालतात. इंजिनाचा प्रवाह रुळांवाटे परत जातो. ओव्हरहेड तारेतील प्रवाहामुळे शेजारून धावणाऱ्या सिग्नलच्या लांब केबलमध्येही व्होल्टेज प्रवर्तित होते.

याचा परिणाम काय होऊ शकतो पाहा. सिग्नल कक्षाने रिलेचा पुरवठा तोडला आहे, रिले पडायला हवा. पण केबलमध्ये शेजारून ऊर्जा शिरत आहे. ती पुरेशी असली तर रिले उचललेला राहू शकतो. नकाशावर पुरवठा शून्य, प्रत्यक्षात शून्य नाही. म्हणून प्रत्यावर्ती विद्युतीकरणाच्या मार्गांवर असे रिले वापरतात, जे ठराविक मर्यादेपर्यंतच्या प्रत्यावर्ती प्रवाहाने उचलले जात नाहीत. भारतात सर्रास दिसणाऱ्या 'क्यूएनए-१' या रिलेच्या नावातील 'ए' हे अक्षर हीच प्रतिकारशक्ती दाखवते. सोबत केबलची लांबी मर्यादित ठेवणे, श्राव्य वारंवारतेचे ट्रॅक सर्किट किंवा ॲक्सल काउंटर वापरणे असेही उपाय आहेत.

धडा असा: पुरवठा काढणे आणि ऊर्जा काढणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

७. ट्रान्झिस्टर आले

मोजमापाच्या उपकरणांत विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत सिग्नल जोडायला-तोडायला रिले आणि रीड रिले होते. वीज गेली की ते ठरलेल्या अवस्थेत जात, त्यामुळे तिसरा प्रश्न अभियंत्यांना फारसा पडत नसे. वेग, आकार आणि आयुष्य यांसाठी त्यांची जागा ट्रान्झिस्टरने घेतली.

जंक्शन फील्ड-इफेक्ट ट्रान्झिस्टर, म्हणजे जेफेट, चांगला ॲनालॉग स्विच ठरला. पण त्याची स्वाभाविक अवस्था चालू आहे. गेट आणि सोर्समध्ये शून्य व्होल्ट असताना वाहिनी उघडीच असते. ती बंद करायला गेटला उलट व्होल्टेज द्यावे लागते. पुरवठा गेला की ते व्होल्टेज जाते आणि स्विच चालू होतो. हा बोस यांच्या वर्गीकरणातील 'ऋण' स्वभावाचा भाऊ म्हणता येईल: उत्तेजन दिल्यावर रोध वाढणारा.

१९६३ मध्ये फेअरचाइल्ड कंपनीत फ्रँक वॉनलास यांनी सीमॉस तंत्र मांडले, आणि १९६८ मध्ये आरसीए कंपनीने सीडी ४००० मालिका बाजारात आणली. त्याच मालिकेतील सीडी ४०१६ आणि नंतरची सीडी ४०६६ या चिप आजही आपल्या प्रयोगशाळांत आहेत. त्यांच्या आत एक एन-मॉस आणि एक पी-मॉस समांतर जोडलेले असतात. दोन्ही स्वभावतः तुटलेले, गेटला योग्य व्होल्टेज मिळाले तरच चालू. त्यामुळे वाटते की पुरवठा नसताना हा स्विच निश्चित तुटलेला असणार. इथेच फसगत होते.

८. उपाशी चिप सिग्नल खाते

पी-मॉसचे सोर्स आणि ड्रेन हे पी प्रकारच्या अर्धवाहकाचे, आणि ते ज्या एन प्रकारच्या पायावर बसले आहेत तो धन पुरवठ्याच्या पिनला जोडलेला. म्हणजे सिग्नलच्या पिनपासून पुरवठ्याच्या पिनकडे एक डायोड तयार झालेला आहे. नेहमी पुरवठा सिग्नलपेक्षा जास्त असतो, म्हणून हा डायोड उलट दिशेने असतो आणि आपल्याला तो जाणवत नाही. पुरवठा काढला आणि सिग्नल तसाच ठेवला, तर डायोड सरळ दिशेने येतो. एन-मॉसच्या बाजूला ऋण सिग्नलसाठी असाच डायोड असतो.

आता दोन शक्यता संभवतात.

पहिली, पुरवठ्याची पिन प्रत्यक्ष शून्य व्होल्टला धरून ठेवलेली आहे. मग सिग्नल साधारण ०.६ व्होल्टच्या वर जाऊ शकत नाही. ज्या संवेदकाने सिग्नल दिला त्यावर अचानक भार पडतो. तोच सिग्नल दुसरे उपकरण मोजत असेल तर त्याचेही मापन बिघडते. बंद असलेले उपकरण चालू असलेल्याला बिघडवते!

दुसरी, पुरवठ्याची पिन नुसती मोकळी आहे. मग डायोडमधून पुरवठ्याची रेघ भरली जाते. सिग्नल ५ व्होल्ट असेल तर रेघ ४.४ व्होल्टच्या आसपास पोहोचते. सीडी ४०६६ ला काम करायला ३ व्होल्ट पुरतात, म्हणजे चिप जिवंत झाली. त्याच रेघेवरच्या इतर चिपही अर्धवट जाग्या होतात. अनेक सिग्नल असतील तर सर्वांत मोठा सिग्नल सगळ्यांना पोसतो. आता स्विच चालू की तुटलेला, हे नियंत्रण पिनवर काय आहे त्यावर ठरते, आणि तीच पिन मोकळी असेल तर काहीच सांगता येत नाही. क्रिस्टल रेडिओत जे काम गॅलेनाचा स्फटिक करत होता, तेच इथे हा अंगभूत डायोड करतो.

तिसरा धोका पुरवठा परत येण्याच्या क्षणी असतो. डायोडमधून प्रवाह चालू असताना पुरवठा आला, तर चिपच्या थरांत लपलेले पीएनपी आणि एनपीएन ट्रान्झिस्टर मिळून थायरिस्टरसारखे वागू शकतात. पुरवठ्यापासून जमिनीपर्यंत कमी रोधाचा मार्ग उघडतो आणि कारण निघून गेले तरी उघडाच राहतो. याला लॅच-अप म्हणतात. तो पुरवठा काढूनच सोडवावा लागतो, तोवर चिप टिकली तर. कोहिररला ठोका लागत असे, तसाच हा.

करून पाहा: सीडी ४०६६ ची पिन ७ जमिनीला जोडा. चारही नियंत्रण पिना, म्हणजे ५, ६, १२ आणि १३, याही जमिनीला जोडा. पिन १४ ला कोणताही पुरवठा देऊ नका, तिथून पिन ७ कडे एक लाल एलईडी सरळ दिशेने लावा. आता पिन १ ला १ किलो-ओहम रोधातून ५ व्होल्ट द्या. एलईडी लागेल. हिशेब करा: एलईडीवर सुमारे १.८ व्होल्ट आणि डायोडवर ०.६ व्होल्ट धरले, तर रोधावर २.६ व्होल्ट उरतात, म्हणजे प्रवाह २.६ मिलीअँपिअर. या चिपच्या एका पिनसाठी १० मिलीअँपिअर ही कमाल मर्यादा आहे, म्हणून रोध वगळू नका.

९. अभियंत्यांनी काढलेले मार्ग

क्रम पाळणे. आधी पुरवठा, मग सिग्नल. बंद करताना उलट. सर्वांत स्वस्त उपाय, पण तो माणसाच्या शिस्तीवर आणि वीज न जाण्यावर अवलंबून आहे.

मालिकेत रोध. सिग्नल १० व्होल्ट आणि पुरवठा शून्य धरला, तर १ किलो-ओहमने प्रवाह ९.४ मिलीअँपिअर होतो, मर्यादेच्या अगदी जवळ. १० किलो-ओहमने तो ०.९४ मिलीअँपिअरवर येतो. पुढचा टप्पा उच्च रोधाचा असेल तर अचूकता फारशी बिघडत नाही, मात्र वेग कमी होतो: १० पिकोफॅराड धारितेसोबत १० किलो-ओहमची वरची वारंवारता-मर्यादा साधारण १.६ मेगाहर्ट्झ होते.

पुरवठ्याच्या मार्गात डायोड. यामुळे चोरवाटेने आलेली ऊर्जा इतर चिपपर्यंत पोहोचत नाही आणि सिग्नलवर मोठा भार पडत नाही. पण ही एक चिप तरीही सिग्नलवर तरंगत राहते, म्हणून तिची नियंत्रण पिन रोधाने ठरलेल्या अवस्थेत बांधून ठेवावी लागते.

संरक्षित स्विच. यात एन, पी, एन असे तीन मॉसफेट समांतर न ठेवता एकामागोमाग ठेवतात आणि त्यांचे थर विद्युतरोधकाने एकमेकांपासून वेगळे करतात. पुरवठा नसताना सर्व गेट शून्यावर. धन सिग्नल आला तर पहिला एन-मॉस त्याला अडवतो. ऋण सिग्नल पहिल्या एन-मॉसमधून जातो, पण पी-मॉस त्याला अडवतो. किंमत अशी, की चालू असतानाचा रोध वाढतो आणि पुरवठ्याच्या अगदी जवळ जाणारा सिग्नल या रचनेतून जात नाही.

प्रकाशाने चालणारा मॉसफेट रिले. यात दोन एन-मॉस पाठीला पाठ लावून जोडतात, त्यामुळे त्यांचे अंगभूत डायोड एकमेकांच्या विरुद्ध येतात आणि कोणत्याही दिशेने चोरवाट राहत नाही. गेटला ऊर्जा फक्त आतल्या एलईडीच्या प्रकाशातून मिळते. पुरवठा नाही तर प्रकाश नाही, प्रकाश नाही तर मार्ग नाही. स्वभावतः चालू राहणारा स्विच हवा असेल तर डिप्लिशन प्रकारचे मॉसफेट वापरून तोही मिळतो.

आणि जिथे चूक परवडत नाही, तिथे अजूनही पडणारा रिले. रेल्वेत आता निर्णय घेण्याचे काम इलेक्ट्रॉनिक इंटरलॉकिंग करते, पण त्याचा निकाल रुळाकाठच्या सिग्नलपर्यंत पोहोचवताना भारतात सामान्यतः सिग्नलिंग रिलेच मध्ये असतो. हे जुन्याचे प्रेम नव्हे. मॉसफेट निकामी झाला तर तो अनेकदा शॉर्ट होऊन, म्हणजे चालू अवस्थेत, निकामी होतो. पडणाऱ्या रिलेच्या बाबतीत धोक्याच्या बाजूने बिघडण्याची शक्यता रचनेनेच अतिशय कमी केलेली असते.

१०. समारोप

या इतिहासात स्विच दर वेळी वेगाने आणि आकाराने सुधारला, पण वीज नसतानाचे त्याचे वागणे दर वेळी सुधारलेच असे नाही. कोहिरर अवस्था विसरत नसे, बोस यांनी त्याला सावरायला शिकवले. रिलेला रेल्वेने ठरलेल्या बाजूला पडायला शिकवले, मग शेजारच्या विजेपासून जपले. ट्रान्झिस्टरबरोबर हे प्रश्न नव्याने उभे राहिले आणि त्यांची उत्तरे नव्याने शोधावी लागली. कारण स्विच विकला जातो तो पुरवठा असतानाच्या गुणांवर. पुरवठा नसतानाचे वागणे डेटाशीटमध्ये बहुधा 'कमाल मर्यादा' या तक्त्याच्या एखाद्या ओळीत किंवा तळटीपेत असते, आणि ती ओळ वाचायची सवय आपल्याला लावून घ्यावी लागते.

आपल्या देशात वीज जाणे ही अपवादाची घटना नाही. ग्रामीण रुग्णालयातील मॉनिटर असो, शेतातील मृदा-संवेदक असो की महाविद्यालयाची प्रयोगशाळा, उपकरणाच्या आयुष्यात पुरवठा जाण्याचे आणि येण्याचे क्षण शेकडो वेळा येतात. तेव्हा प्रकल्पाच्या आराखड्यात सत्यता-सारणी लिहिताना 'पुरवठा नाही' अशी आणखी एक ओळ घाला आणि तिच्यासमोर काय हवे ते स्वतः ठरवून लिहा. तुम्ही ठरवले नाही तर ते चिपचे डायोड ठरवतील.

स्वाध्याय

१. कोहिरर, सिग्नलिंग रिले, जेफेट, सीडी ४०६६ आणि प्रकाशाने चालणारा मॉसफेट रिले या पाच स्विचांसाठी विभाग १ मधील तीन प्रश्नांची उत्तरे तक्त्यात मांडा.

२. ट्रॅक सर्किटमध्ये रुळांवर गंज आणि घाण साचली व चाकांचा संपर्क नीट झाला नाही, तर रिले कोणत्या अवस्थेत राहील? ही चूक सुरक्षित बाजूची आहे का?

३. सीडी ४०६६ च्या दोन वाहिन्यांना अनुक्रमे ५ व्होल्ट आणि २ व्होल्टचे सिग्नल दिले आहेत, पुरवठ्याची पिन मोकळी आहे. पुरवठ्याच्या रेघेवर किती व्होल्टेज येईल? दुसऱ्या वाहिनीचा डायोड वाहील का? कारण द्या.

४. रुग्णाच्या शरीराला जोडलेल्या दोन उपकरणांपैकी एक बंद आहे आणि दोघांना एकच सिग्नल जातो. बंद उपकरणामुळे चालू उपकरणाच्या मापनात कोणता दोष येऊ शकतो? विभाग ९ मधील कोणता उपाय तुम्ही निवडाल आणि का?